वॅगन-आर १.२: बोनेटवरच्या चिन्हाचे पैसे न मोजता घेतलेली गाडी

मारुती सुझुकीची वॅगन-आर, १.२ लिटर पेट्रोल इंजिनाची झेडएक्सआय या प्रकारातली, आमच्या घरात काही वर्षांपासून आहे. पुण्यात कर्वेनगरहून मंडई आणि कॅम्प, आठवड्यातून कधी हिंजवडी, सणावाराला दिवे घाट चढून सासवड, आणि घरातल्या वयस्कर माणसांना दवाखान्यात नेणे-आणणे असा तिचा वापर आहे. ती घेतली तेव्हा याहून दुप्पट-तिप्पट किमतीच्या गाड्या पाहून झाल्या होत्या, त्यांचा हप्ताही झेपण्यासारखा होता, आणि जवळच्या बहुतेकांनी 'घ्यायचीच आहे तर मोठी घ्या' असाच सल्ला दिला होता. त्यामुळे या परीक्षणात केवळ गाडी कशी चालते एवढे सांगून भागणार नाही. वर द्यावे लागणारे प्रत्येक लाख रुपये गाडीत बसलेल्या माणसाच्या कोणत्या कामी येतात, हा प्रश्न विचारून आम्ही ही गाडी निवडली आणि त्याच प्रश्नावर ती येथे तपासत आहोत.

सर्वांत आधी बसण्या-उतरण्याबद्दल लिहायला हवे, कारण गाड्यांच्या परीक्षणांत हा मुद्दा एका ओळीत उरकला जातो आणि घरात मात्र रोज त्याचीच परीक्षा होते. वॅगन-आरची उंची १६७५ मिलिमीटर आहे आणि तिचे आसन साधारण घरातल्या खुर्चीच्या पातळीवर येते. सेडान गाडीत शिरताना माणसाला वाकून खाली बसावे लागते आणि उतरताना गुडघ्यांवर सगळे वजन घेऊन उठावे लागते; मोठ्या एसयूव्हीत याच्या उलट, पायरीवर पाय ठेवून आणि वरची मूठ धरून चढावे लागते. वॅगन-आरमध्ये मागे फिरून बसले, पाय आत घेतले, की झाले. आमच्या आईच्या दोन्ही गुडघ्यांना त्रास आहे, आणि साडी सावरत, हातातली काठी सांभाळत ती या गाडीत कुणाचा हात न धरता बसते. पाहिलेल्या महागड्या गाड्यांपैकी एका सेडानमध्ये तिला बसवताना दोन माणसे लागली होती. त्या गाडीचे कातडी आसन, लाकडी पट्टी आणि मंद प्रकाशाच्या रेषा यांपैकी एकाही गोष्टीचा तिला उपयोग नव्हता.

दरवाजे जवळजवळ काटकोनात उघडतात, छत उंच असल्यामुळे डोके आपटत नाही, आणि काचा मोठ्या असल्यामुळे मागे बसलेल्याला कोंडल्यासारखे होत नाही. डिकी ३४१ लिटरची आहे. याच कंपनीच्या, किमतीने वरच्या बलेनोची ३१८ लिटरची आहे. मागचे आसन ६०:४० असे विभागून दुमडता येते, त्यामुळे घडीची चाकाची खुर्ची आडवी ठेवूनही मागे एक माणूस बसू शकतो. १९९९ च्या डिसेंबरमध्ये ही गाडी भारतात प्रथम आली तेव्हा तिच्या उभट, डब्यासारख्या आकाराला अनेकांनी नाके मुरडली होती. तिसरी पिढी जानेवारी २०१९ मध्ये आली तेव्हाही कंपनीने तो आकार सोडला नाही, आणि २०२१-२२ पासून २०२४-२५ पर्यंत सलग चार आर्थिक वर्षे देशात सर्वाधिक खपलेली गाडी हीच होती. आकाराचे कौतुक करणारे फारसे कुणी भेटत नाही, पण घेणारे घेतात, कारण आत माणसे आणि सामान नीट मावते.

पुण्याच्या रस्त्यांचा विचार केला तर लहान असण्याचे मोल आणखी स्पष्ट होते. टॉमटॉम या कंपनीच्या २०२४ सालच्या वाहतूक निर्देशांकात पुणे जगातल्या सर्वांत संथ शहरांत चौथे होते. त्या वर्षी येथे १० किलोमीटर जायला सरासरी ३३ मिनिटे २२ सेकंद लागत होती, म्हणजे ताशी वेग सुमारे १८ किलोमीटर. सिंहगड रस्त्यावर संध्याकाळी सात वाजता ९० अश्वशक्तीची गाडी आणि २०० अश्वशक्तीची गाडी एकाच रांगेत, एकाच वेगाने सरकतात. फरक पडतो तो पेठेत शिरल्यावर. वॅगन-आर ३६५५ मिलिमीटर लांब आणि १६२० मिलिमीटर रुंद आहे. ज्या गाडीला आपल्याकडे वजनदार माणसाची गाडी समजतात ती टोयोटाची फॉर्च्युनर ४७९५ मिलिमीटर लांब आणि १८५५ मिलिमीटर रुंद आहे. एक मीटरहून जास्त लांबी आणि जवळजवळ वीतभर रुंदी हा फरक कागदावर क्षुल्लक वाटतो, परंतु शनिवार पेठेतल्या एखाद्या बोळात समोरून टेम्पो आला, एका बाजूला दुचाक्यांची रांग आणि दुसऱ्या बाजूला उघडे गटार असले, की त्या वीतभर जागेवरच पुढे जायचे की पाऊण बोळ मागे घ्यायची हे ठरते. वॅगन-आरची वळण-त्रिज्या ४.७ मीटर आहे, त्यामुळे अरुंद रस्त्यावरही ती बहुतेक वेळा एकाच दमात वळते. मंडईजवळच्या बाबू गेनू वाहनतळासारख्या ठिकाणी मोठ्या गाड्यांचे मालक दरवाजा किती उघडता येईल याचा अंदाज घेत उभे असतात. या गाडीतून त्याच जागेत सरळ उतरता येते. आमच्या सोसायटीतली जागा दोन खांबांच्या मध्ये आहे, आणि गाडी ठरवताना विक्रेत्याच्या माहितीपत्रकाआधी आम्ही टेपने ती जागा मोजली होती.

इंजिनाबद्दल थोडक्यात. ११९७ सीसीचे चार सिलिंडरचे हे इंजिन ९० अश्वशक्ती देते आणि गाडी हलकी असल्यामुळे शहरात ते कमी पडत नाही. दिवे घाटात चार माणसे आणि एसी असताना तिसऱ्यावरून दुसऱ्या गिअरवर यावे लागते, पण दम लागत नाही. ९९८ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिनही मिळते. केवळ शहरात एक-दोन माणसांना फिरायचे असेल तर ते पुरेसे आहे, मात्र घाट नेहमीचा असेल तर १.२ च घ्यावे. ॲव्हरेजच्या बाबतीत १.२ मॅन्युअलचा प्रमाणित आकडा लिटरला २३.५६ किलोमीटर आहे. अशा आकड्यांना आपण ज्या एआरएआयच्या नावाने ओळखतो ती वाहनांची चाचणी करणारी संस्था आपल्याच वेताळ टेकडीवर आहे, आणि टेकडीवर फिरायला जाणाऱ्या प्रत्येक पुणेकराला तिचे कुंपण माहीत आहे. तो आकडा प्रयोगशाळेत रोलरवर, ठरवून दिलेल्या चक्रानुसार काढलेला असतो. कर्वे रस्त्याच्या गर्दीत आम्हाला पंधरा-सोळा मिळतात आणि सातारा रस्त्याला लागल्यावर विशीच्या पुढे जातात. या वर्गातल्या पेट्रोल गाडीकडून याहून अधिकाची अपेक्षा आम्ही ठेवत नाही.

आता पैशांकडे येऊ, कारण चिन्हाची किंमत शोरूममध्ये एकदाच भरून संपत नाही. समजा एका गाडीची एक्स-शोरूम किंमत ७ लाख आहे आणि दुसरीची २२ लाख. महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के आणि २० लाखांच्या वर १३ टक्के मोटार वाहन कर आहे. म्हणजे पहिलीला ७७ हजार आणि दुसरीला २ लाख ८६ हजार रुपये नोंदणीच्या वेळीच भरावे लागतात. मधले १५ लाख नऊ टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी काढले तर महिन्याचा हप्ता ३१ हजारांच्या पुढे जातो आणि निव्वळ व्याजच साडेतीन लाखांहून अधिक होते. विमा उतरवताना गाडीचे जे मूल्य धरतात त्यावरच्या घसाऱ्याचे कोष्टक सर्व गाड्यांना सारखे आहे: सहा महिने ते एक वर्ष १५ टक्के, मग दरवर्षी वाढत जाऊन चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्के. टक्केवारी सारखी असली तरी ७ लाखांच्या गाडीचे साडेतीन लाख जातात आणि २२ लाखांच्या गाडीचे अकरा. गाडी प्रतिष्ठेची आहे म्हणून हे कोष्टक तिला सवलत देत नाही. त्याशिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि वरचा उपकरही गेला, तर मोठ्या गाड्यांसाठी ४० टक्के दर ठरला. लहान गाडी घेणाऱ्याचा हिशेब त्यामुळे पूर्वीपेक्षा अधिक सोपा झाला आहे.

दुरुस्तीचा खर्च हा वेगळाच विषय आहे. वॅगन-आरचे ब्रेक पॅड, क्लच प्लेट, वायपर, आरसे यांसारखे सुटे भाग पुण्यात कुठल्याही भागात मिळतात आणि ते बसवणारा हुशार फिटरही प्रत्येक उपनगरात असतो. आमच्या परिचयातल्या एका कुटुंबाकडे बड्या नावाची गाडी आहे. तिला सिग्नलला मागून दुचाकीचा साधा धक्का लागला, बंपरमधला सेन्सर गेला, आणि तो भाग येईपर्यंत गाडी कित्येक आठवडे उभी राहिली. त्या काळात घरातले सगळे रिक्षाने फिरत होते. त्यांनी दिलेल्या बिलाचा आकडा येथे लिहिणे योग्य नाही, पण तेवढ्यात आमच्या गाडीची काही वर्षांची सर्व्हिसिंग होते. शिवाय अनेक महागड्या गाड्यांत आता स्टेपनीच नसते, पंक्चर झाल्यावरही काही अंतर चालणारे टायर असतात. ते टायर बदलायची वेळ आली की १४ इंची टायरच्या किमतीशी त्यांची तुलनाच करता येत नाही.

हे सर्व मान्य करूनही लोक म्हणतात की चांगल्या नावामागे चांगले काम असते. काही वेळा ते खरे असते. परंतु नाव आणि काम हे दोन्ही एकच आहेत असे समजणे पुणेकरांना तरी शोभत नाही, कारण गाड्या कशा बनतात हे या शहराइतके जवळून फार थोड्या शहरांनी पाहिले आहे. मर्सिडीज-बेन्झ १९९४ मध्ये भारतात आली ती पुण्यात, आणि आज तिच्या गाड्यांची जुळणी चाकणला होते. त्याच चाकणच्या एका कारखान्यातून फोक्सवॅगनची व्हर्टस आणि श्कोडाची स्लाव्हिया या दोन सेडान बाहेर पडतात. दोघींचा सांगाडा एकच, १.० आणि १.५ लिटरची टर्बो इंजिने तीच, आणि वेगळे आहेत ते मुख्यतः चेहरे, काही सजावट आणि समोरचे चिन्ह. याहून स्पष्ट उदाहरण बलेनो आणि ग्लान्झाचे आहे. टोयोटाची ग्लान्झा जून २०१९ मध्ये आली ती सुझुकीच्या गुजरातमधल्या कारखान्यात तयार झालेली बलेनोच होती. इंजिन, गिअरबॉक्स, दरवाजे, काचा सगळे सारखे, आणि बोनेटवर दुसऱ्या कंपनीचे चिन्ह. २०२२ मध्ये दोन्ही गाड्या बदलल्या, ग्लान्झाला वेगळी जाळी आणि बंपर मिळाले, तरी आतली गाडी तीच राहिली.

ग्लान्झा घेणारा प्रत्येक जण फसला असे येथे म्हणायचे नाही. सुरुवातीची काही वर्षे टोयोटा ३ वर्षे किंवा १ लाख किलोमीटरची वॉरंटी देत होती आणि मारुतीची वॉरंटी २ वर्षे किंवा ४० हजार किलोमीटर होती. त्या काळात ज्याने वॉरंटीचा विचार करून चार पैसे जास्त दिले त्याने ते एका खऱ्या वस्तूसाठी दिले. जुलै २०२४ मध्ये मारुतीनेही वॉरंटी ३ वर्षे किंवा १ लाख किलोमीटर केली. त्यानंतर तोच व्यवहार पुन्हा तपासून पाहायला हवा. विक्रेत्याला 'या जादा रकमेत मला वस्तू कोणती मिळते' असे सरळ विचारावे आणि उत्तरात वॉरंटी, एअरबॅग, ब्रेक, सर्व्हिस सेंटरचे अंतर यांपैकी काही आले तर ते मोजावे. उत्तरात केवळ 'रस्त्यावरचा रुबाब' आला तर त्याची किंमत काय करायची हे ज्याने त्याने ठरवावे. आमच्या घरी ती शून्य धरली गेली.

रुबाबाला पुण्यात बाजारभाव आहे हे मात्र नाकारता येत नाही. डीपी रस्त्यावरच्या लॉनवर लग्नाला गेले की कोणत्या गाड्या प्रवेशद्वारापाशी उभ्या राहतात आणि कोणत्या मागच्या मोकळ्या जागेत पाठवल्या जातात, हे सर्वांनी पाहिलेले असते. राज्य सरकारने २०२४ मध्ये पसंतीच्या क्रमांकांचे शुल्क वाढवले, तेव्हापासून पुण्यासारख्या शहरात चारचाकीला ०००१ हा क्रमांक हवा असेल तर ६ लाख रुपये भरावे लागतात. तेवढ्या पैशांत नवी वॅगन-आर येते. ज्यांच्या व्यवसायात ग्राहक गाडी पाहून माणसाची पत ठरवतो, उदाहरणार्थ जमिनीचे व्यवहार करणारे किंवा बांधकाम व्यावसायिक, त्यांच्यासाठी मोठी गाडी हे कामाचे साधन असू शकते, आणि त्यांच्याशी आमचा वाद नाही. आमची काळजी वेगळ्या लोकांबद्दल आहे. हिंजवडी आणि खराडीत काम करणारी तिशीतली मुले-मुली फ्लॅटचा हप्ता चालू असताना वर गाडीचा तीस हजारांचा हप्ता घेतात, आणि गाडी आठवड्यातले पाच दिवस सोसायटीच्या तळघरात उभी राहते, कारण कार्यालयात कंपनीच्या बसने किंवा दुचाकीने जाणेच सोयीचे पडते. त्या तीस हजारांत आई-वडिलांचा भक्कम आरोग्यविमा आणि मुलांच्या शिक्षणाची तजवीज दोन्ही होऊ शकते, हे आम्ही भेटेल त्याला सांगतो.

इतके गुण सांगितल्यावर या गाडीची सर्वांत मोठी उणीव तितक्याच ठळकपणे सांगणे आवश्यक आहे. गाड्या आदळवून त्यांची सुरक्षा तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने एप्रिल २०२३ मध्ये जाहीर केलेल्या निकालात वॅगन-आरला प्रौढांच्या सुरक्षेसाठी पाचपैकी एक तारा मिळाला आणि मुलांच्या सुरक्षेसाठी एकही मिळाला नाही; तिचा सांगाडाही अस्थिर ठरवला गेला. त्याच फेरीत चाकणच्या स्लाव्हिया आणि व्हर्टसला पाच तारे मिळाले. ती चाचणी दोन एअरबॅगच्या गाडीवर झाली होती आणि २०२५ मध्ये कंपनीने सर्व प्रकारांत सहा एअरबॅग दिल्या, ही चांगली गोष्ट आहे, परंतु एअरबॅग वाढवल्याने सांगाडा मजबूत होत नाही. येथे जादा पैसे देण्याला पूर्ण अर्थ आहे. आणि त्यासाठी मोठ्या चिन्हाची गाडी घ्यावी लागते असेही नाही: टाटाची पंच २०२१ मध्येच पाच ताऱ्यांची ठरली, मारुतीच्याच नव्या डिझायरला २०२४ मध्ये पाच तारे मिळाले, आणि चाकणला तयार होणारी श्कोडाची कायलॅक २०२५ मध्ये भारत एनकॅपमध्ये पाच ताऱ्यांची ठरली. तिन्ही चार मीटरच्या आतल्या गाड्या आहेत. भारत एनकॅप ही आपली स्वतःची चाचणी पद्धत २०२३ मध्ये सुरू झाली आणि तिचे काम पुण्यातल्याच सीआयआरटी या रस्ते-वाहतूक संस्थेकडे आहे. तिचे निकाल कुणालाही पाहता येतात, त्यामुळे ते न पाहता गाडी घेण्याला आता कारण उरलेले नाही.

म्हणून आमचे मत असे की ज्यांना दर शनिवार-रविवारी मुंबई, नाशिक किंवा कोल्हापूर गाठायचे आहे, ज्यांच्या मागच्या आसनावर लहान मुले असतात, त्यांनी वॅगन-आर घेऊ नये. वरचे दीड-दोन लाख पाच ताऱ्यांच्या गाडीवर खर्च करावेत आणि तो खर्च नि:शंक मनाने करावा. आम्ही स्वतः लांबच्या प्रवासाला शक्यतो रेल्वेने जातो, आणि गाडी महामार्गावर न्यावी लागलीच तर वेग ऐंशीच्या आत ठेवतो. नवले पुलाच्या उतारावर अवजड वाहने मागून येताना पाहिली की ताऱ्यांचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

बाकीच्या उणिवा लहान आहेत. पत्रा हलका असल्यामुळे दरवाजा लावताना भरीव आवाज येत नाही, पावसाचा आणि रस्त्याचा आवाज आत येतो, उभट शरीरामुळे मोकळ्या रस्त्यावर आडवा वारा जाणवतो, आणि मागे तिघांनी बसायचे तर मधल्याची गैरसोय होते. इंधनाची टाकी ३२ लिटरचीच आहे.

घ्यायचे ठरवणाऱ्यांसाठी निवडीबद्दल एवढेच सांगतो. क्लचचा पाय दुखत असेल तर एजीएस घ्यावी. ती खरी ऑटोमॅटिक नाही, मॅन्युअल गिअरबॉक्सलाच यंत्रणा जोडलेली आहे, त्यामुळे गिअर बदलताना क्षणभर ओढ तुटते, पण शहरात त्याची सवय होते. सीएनजी १.० इंजिनासोबतच मिळते आणि किलोला ३४.०५ किलोमीटरचा प्रमाणित आकडा आकर्षक आहे, मात्र टाकीमुळे डिकी जाते. चाकाची खुर्ची किंवा गावाकडचे सामान नेणाऱ्यांना पेट्रोलच बरी. आणि चाचणी फेरी एकट्याने, सकाळच्या रिकाम्या रस्त्यावर घेऊ नये. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला सोबत न्यावे, त्यांना स्वतःहून बसू आणि उतरू द्यावे, विक्रेत्याला सांगून गाडी संध्याकाळी आपल्या सोसायटीत आणावी आणि आपल्याच जागेत लावून पाहावी.